कपाटाच्या आधी मी होतो

मी एक जुना नक्षीचा कागद आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला 'कच्चं काम' म्हटलेलं मी खपवून घेणार नाही. ज्या कोरीव कपाटासमोर लोक तोंडात बोटं घालतात, ते लाकूड अजून ओंडका होतं तेव्हा मी तयार होतो.

फर्निचरच्या एका कारखान्यात खिडकीजवळच्या टेबलावर माझा जन्म झाला. मला काढणाऱ्या बाईला सगळे नक्षीबाई म्हणत. त्या काळी दुसऱ्या कुठल्याच कारखान्यात बाईला चित्रं काढायला बसवत नसत. ही नोकरी गेली की हातातली पेन्सिल कायमची खाली ठेवावी लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कपाटाच्या माथ्यावरची नक्षी तिने माझ्यावर खऱ्या मापात काढली. डावीकडे वेल, उजवीकडे पक्षी. गिऱ्हाइकाने दोनपैकी एक बाजू निवडायची आणि कोरताना तीच उलटवून कपाटाच्या दुसऱ्या अर्ध्यावर घ्यायची, अशी पद्धत होती. कागद वाचवायला ती मालकांनीच घालून दिली होती बरं का! गिऱ्हाइकाने वेल निवडला. मग नक्षीबाईने वेलाच्या रेघांवर सुईने बारीक भोकं पाडली. मला लाकडावर ठेवून वरून कोळशाची पूड चोळली की खाली ठिपक्यांचा वेल उमटे. अंग टोचून घेतलंय मी, उगाच नाही बोलत!

मिस्त्रींनी डावी बाजू सुरेख कोरली. मग दोन दिवस ते तापाने घरी होते. परत आले तेव्हा मी मधोमध दुमडलेला, उजवी बाजू वर करून पडलो होतो. मला उलटवायचं सोडून त्यांनी समोर दिसले ते पक्षीच अंदाजाने कोरून टाकले. झालं! अर्धं कपाट वेलाचं, अर्धं पक्ष्यांचं.

मालक कडाडले, "एका कागदावर दोन नक्ष्या काढल्यावर मिस्त्री बिचारे काय करणार? बाई, उद्यापासून येऊ नका."

माझा संताप संताप झाला, पण मला तोंड कुठे होतं?

नक्षीबाई रडली नाही. तिने मला उचललं आणि खिडकीच्या काचेवर दाबून धरलं. "मालक, इकडे या. उजेड कुठून येतोय ते बघा."

फक्त वेलातून येत होता. पक्ष्यांवर एक भोक नव्हतं.

मिस्त्री पुढे आले. "चूक माझी आहे, मालक. पंचवीस वर्षं हे काम करतोय, तरी गफलत झाली. बाईंना बोल लावू नका."

मालक घसा खाकरून म्हणाले, "बरं बरं. उद्या या, बाई."

"येईन," ती म्हणाली, "पण आधी कागदावर माझं नाव लिहीन."

तोवर प्रत्येक कागदावर फक्त मालकांचं नाव असे. सगळा कारखाना हातातलं काम टाकून बघत राहिला. मालकांनी दौत पुढे सरकवली.

पुढे माझे हाल झाले. माझ्यावर चहाचे कप ठेवले, माझा एक कोपरा चूल पेटवायला फाडून नेला. परवा साफसफाईला आलेला एकजण म्हणाला, "कपाट आहे ना, मग हा कशाला?"

कशाला? मित्रांनो, सुंदर वस्तूला खुशाल वाहवा द्या. पण हे आधी कागदावर कुणी काढलं, तेही विचारा, आणि तो कागद जपा. माझ्यावर शाईने एका बाईचं नाव लिहिलेलं आहे. वाळवी आली तरी ते मी सुखासुखी देणार नाही.