जोधपूरला न्यायची पेटी

“गोधडी वरच ठेवा, मामी. तिकडं दिवसा आंग भाजतं आन् रातच्याला गार वारं सुटतं,” जावई बन्सी म्हणाला.

राहीबाईनं गोधडी वर घेतली. खाली मऊ लुगड्याची धडपी, बाळंतशेपा, वावडिंग, डिंकाची पुडी असं सगळं बसलं होतं. बाळंतपणाचं सामान पोरीच्या माहेरातून असं पेटीत बसून परमुलखाला निघालेलं तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही रीत. त्याप्रमाणे सातव्या महिन्यात छबू हौसेनं आली आणि महिन्याभरात गावच्या विहिरीनं तळ दाखवला. टँकर यायचा तेव्हा यायचा. काष्टीच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फोडून आलं की राहीबाई रांगेत बसायची आणि कळशीभर गढूळ पाण्यावर घर भागवायची. त्यात बाळ-बाळंतीण न्हायची कशी? शेवटी तिनंच जावयाला पत्र लिहवून धाडलं, की येऊन छबूला घेऊन जा. जोधपूरला बन्सीच्या पलटणीच्या क्वार्टरात नळ होता आणि त्याला दोन्ही वेळा पाणी यायचं.

“वाळवंटात नळ, आन् आपल्या नशिबी ह्ये,” शेजारची आक्काबाई उंबऱ्यात टेकत म्हणाली. “बघाया काय हाय म्हनावं तिकडं?”

“किल्ला हाय मोठा. उंट हायती,” बन्सी म्हणाला.

“किल्ला बाळंत झाल्याव,” राहीबाई म्हणाली. “तवर हिला चढवू नका. भाईर निघताना डोक्याला पांढरं फडकं बांधा, आन् पदराला कांदा. झळ लागत न्हाई.”

छबू भिंतीला टेकून बसली होती. “आये, मी न्हाई जायची. गढूळ तर गढूळ. तिथं बाळाला न्हाऊ घालाया पायाव कोन घील?”

राहीबाईचा नवरा सहादेव बैलं घेऊन चारा-छावणीत, सासू अंथरुणाला खिळलेली. तिला स्वतःला जाता आलं असतं तर रडगाणं कशाला होतं? तिकडच्या शेजारणी आपापल्या मुलखाच्या, त्यांची भाषा वेगळी, रीत वेगळी. राहीबाई इतकी दमली होती, की तिच्यात रडायचंही त्राण नव्हतं.

मग तिनं पदर कपाळापर्यंत ओढला, आणि कुठलीच सासू जावयाला सांगणार नाही ते सांगितलं.

“जावईबापू, हितं बसा. पाय लांब करा.”

रणगाडा चालवणारा गडी मुकाट्यानं पाय पसरून बसला. आक्काबाईनं तोंडाला पदर लावला. राहीबाईनं एक जुनी उशी त्याच्या नडग्यांवर ठेवली.

“आदी पालथं घ्यायचं. मान हातावर तोलायची. नाका-डोळ्यात पानी जाऊ द्यायचं न्हाई.” तिनं रिकामा तांब्या त्याच्या हातात दिला.

बन्सी तांब्या तिरपा करून उशीवरून हळूहळू फिरवू लागला. उशी घसरली, तशी त्यानं दचकून ती पोटाशी धरली. आक्काबाईनं तोंडावरचा पदर काढला.

“पानी किती घालायचं, मामी?” त्यानं विचारलं.

राहीबाईनं कोपऱ्यातल्या कळशीकडं पाहिलं.

“लागंल तेवढं घाला,” ती म्हणाली. “हात आखडू नका.”

विहीर आटल्यापासून त्या घरात पाण्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. छबू जड अंगानं उठली आणि पेटीपाशी बसून आपल्या लुगड्यांच्या घड्या घालू लागली. बन्सीनं उशी उताणी केली आणि रिकामा तांब्या पुन्हा तिरपा केला.