प्रयत्न करू

मासिनलोक या कोळ्यांच्या गावाच्या धक्क्यावर जपानने दिलेली गस्ती बोट फुलांच्या माळा घालून उभी होती, आणि तिच्यापुढे दोन देशांची मैत्री सकाळपासून घाम पुसत बसली होती. दुभाषी लिगायाने पाच भाषणं इकडची तिकडे केली होती. पाचांत मिळून एक वाक्य कामाचं नव्हतं. सामरिक भागीदारी, समान मूल्यं, खुला समुद्र! ज्याच्या धाकाने हा सगळा खटाटोप, त्या चीनचं नाव मात्र एकानेही घेतलं नव्हतं. जुन्या बायका नवऱ्याचं नाव निदान उखाण्यात तरी घेत. यांच्यात तेवढीही धमक नव्हती.

पुढच्या रांगेत गावचे कोळी दोन्ही झेंडे छापलेले टी-शर्ट घालून बसवले होते, फोटोसाठी. त्यांत लिगायाचा धाकटा भाऊ आर्नेल होता. मागच्या खेपेला, चीन आपला म्हणतो त्या भर समुद्रातल्या पानाताग खडकाजवळ, चिनी जहाजाने पाण्याचा मारा करून त्याच्या होडीची एक बाजू मोडली होती. तरी आज दुपारी तो पुन्हा तिकडेच निघणार होता. होडीत बर्फही भरून झाला होता.

तो उठून उभा राहिला. "साहेब, ही बोट आमच्याबरोबर खडकापर्यंत येणार का? तेवढंच सांगा."

इथल्या सरकारचे उपसचिव विलारुझ हसले. "प्रयत्न करू, बाबा."

कोळीही खो खो हसले. ज्याला लग्नाला यायचं नसतं तो 'प्रयत्न करतो' म्हणतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. जपानी अधिकारी कुरामोचींना मात्र ते भाषांतरात शपथेसारखं ऐकू आलं. खूश होऊन ते म्हणाले, "आम्हीही सकारात्मक विचार करू."

लिगाया अकरा वर्षं नागोयात राहिली होती. तिथे घरमालक असं म्हणाला, की दुसरं घर शोधायला लागायचं. तिने सवयीने शब्दाला शब्द ठेवला.

टाळ्या पडल्या. "बघ ताई!" आर्नेल ओरडला. "परका माणूस शब्द देतो, आणि आपले नुसते दात काढतात! चला रे, निघू या!"

लिगायाला किळस आली. त्या दोघांची आली, आणि त्यांच्यामध्ये पोपटासारख्या बोलणाऱ्या स्वतःची जास्त आली.

"थांब, आर्नेल," ती माईकवर म्हणाली. "माझं चुकलं. ते 'नाही' म्हणालेत. दोघंही 'नाही'च म्हणालेत."

"अहो बाई, शुद्धीवर आहात का?" विलारुझ खेकसले. "विचार करू म्हणाले ते!"

लिगाया कुरामोचींकडे वळून जपानीत म्हणाली, "साहेब, तो माझा भाऊ आहे. तुमच्या शब्दावर तो आज तिकडे जाईल. जाऊ देऊ का?"

कुरामोचींनी दातांतून लांब श्वास आत ओढला, मान तिरकी केली आणि ते बुटांकडे बघत राहिले. त्या उत्तराला दुभाषी लागला नाही.

आर्नेलने टी-शर्ट काढून खुर्चीवर टाकला. "बर्फ उतरवा रे," तो म्हणाला. एकेक करत सगळी रांग उठून गेली.

मेजवानीचं भाजलेलं डुक्कर कापलं गेलं, रिकाम्या खुर्च्यांपुढे फोटोही निघाला. मग विलारुझ गोड हसत जवळ आले. "लिगायाबाई, पुढच्या महिन्यात तोक्योला बैठक आहे. तुम्हाला बोलवायचा प्रयत्न करू."

"मीही सकारात्मक विचार करीन, साहेब," ती म्हणाली. गळ्यातलं ओळखपत्र तिने त्यांच्या हातात ठेवलं आणि ती बर्फ उतरवायला गेली.