डावा पाय आणि बोकड

मानपाड्यात धाकूशेठच्या हातात माइक आला की शहाणा माणूस मैदानाच्या कडेनंसुद्धा जात नाही. गावच्या क्रिकेट स्पर्धेची कॉमेंट्री गेली वीस वर्षं तोच करतो. एकदा पाण्याची मशिनं विकायला आलेल्या एका टायवाल्याला त्यानं ‘वरून आलेले सिलेक्टर’ म्हणून जाहीर करून टाकलं. शाल झाली, नारळ झाला, सोफ्यावर बसवलं. तो बिचारा फायनल संपेपर्यंत उठला नाही, आणि त्याच्याकडे बघत बघत आपले दोन बॅट्समन बोल्ड झाले.

यंदाच्या फायनलच्या रविवारी मात्र मैदान रिकामं होतं. समोरची टीम घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. ‘निघालोच, निघालोच’ असं त्यांचा कॅप्टन सव्वा तास फोनवर सांगत होता. पब्लिक कंटाळलेलं. फायनलचं बक्षीस म्हणून आणलेला बोकड मांडवाच्या खांबाला बांधलेला, तोसुद्धा जांभया देत होता.

मांडवात पहिल्या रांगेत धाकूची भाची कल्पिता बसलेली, पायाशी तिचा फुटबॉल. सव्वीस वर्षांची पोरगी. हौस म्हणून खेळणारी नाही, पगारावर खेळणारी, केरळातल्या एका क्लबात. नऊ महिन्यांपूर्वी मॅचमध्ये डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, डॉक्टरनं गुडघा पास केला. आता आठ दिवसांनी क्लबात हजर व्हायचं. कोच खेळवून बघणार आणि मगच पुढचं कॉन्ट्रॅक्ट.

एवढं सगळ्या गावाला माहीत होतं. त्यापुढचं फक्त धाकूला. पंधरा दिवस तो सकाळचा चहा घेऊन मैदानाच्या भिंतीवर बसायचा आणि तिची प्रॅक्टिस बघायचा. लोकांना टोप्या घालण्यात त्याचे केस पिकलेले. कोण कुठं कचरतं, हे त्याला लगेच दिसतं. पोरगी दर वेळेस डावीकडेच वळत होती. उजवीकडे वळायचं तर डावा पाय रोवून त्यावर सगळा जोर टाकायला लागतो. तोच ती टाकत नव्हती.

“गुडघा बरा झालाय मामा,” ती एकदा म्हणाली. “डोकं नाही झालं. जोर टाकायला जाते आणि तो आवाज ऐकू येतो. कट्. कोच दहा मिनिटांत ओळखेल.”

धाकूनं आपला उरलेला चहा तिच्यापुढे धरला होता.

पण माइक हातात आला की त्याचं तोंड त्याच्या ऐकण्यात नसतं. “मंडली! टीम येईस्तोवर एक पैज! तीस यार्डाच्या चुन्याच्या रेघेच्या आत पाच मिनटं. जो कल्पिताच्या पायातून बॉल काढील, बोकड त्याचा!”

बोकड याच्या बापाचा नव्हता. पण अकरा पोरं उड्या मारून आत शिरली. सगळ्यात पुढं हर्षित, ज्याच्या बॉलिंगनं दोन बॅटी तुटल्यात. ते बघितलं आणि आपण काय बोलून बसलो ते धाकूला कळलं.

“अरं धाकू! मेल्या, पोरीचा पाय परत मोडशील!” मांडवातून त्याची आई रखमाबाई ओरडली.

“धक्का मारायचा नाय!” धाकू माइकमध्ये किंचाळला. “जो तिच्या अंगाला लागंल, त्याची सगली लफडी मी इथनं वाचून दाखवीन!”

पोरं जागच्या जागी सरळ झाली. कल्पिता तोवर बुटाच्या नाड्या बांधत होती. “एकेक येणार, की सगळे एकदम?” तिनं विचारलं. पोरं हसली.

मिनिटभरात हसणं बंद.

दोघं तिघं एकदम धावले, आणि त्यांच्या मधून बॉल असा गेला जसं काय त्यांनीच वाट करून दिली. ती बॉलकडे बघतच नव्हती. समोरच्याच्या कमरेकडे बघायची. खांदा इकडे झुकायचा, पाय तिकडे जायचा, आणि समोरचा माणूस खांद्यावर विश्वास ठेवून मोकळा. हर्षित तर तीनदा स्वतःभोवतीच फिरला.

धाकूच्या हातातला माइक खाली आला. वीस वर्षांत पहिल्यांदा मैदानावर कॉमेंट्री नव्हती. ही तर त्याचीच विद्या! तो तोंडानं करायचा ते ही पोरगी पळता पळता अख्ख्या अंगानं करत होती. तो मात्र गल्लीतच राहिलेला. ती बारा वर्षांची असताना ‘कॉम्प्युटर क्लासला सोडतो’ असं बहिणीला सांगून तो तिला दोन वर्षं ठाण्याला प्रॅक्टिसला न्यायचा. बूट स्कूटरच्या डिकीत. आपली सगळ्यात भारी थाप ती, असं त्याला वाटायचं. त्या थापेच्या पोटात एवढं काय वाढत होतं, ते त्याला आज दिसलं.

पण चार मिनिटं झाली, आणि प्रत्येक वळण डावीकडेच.

अशीच जिंकली तर अशीच जाईल केरळला. धाकूनं माइक ठेवला, चपला काढल्या आणि तो चुन्याच्या आत शिरला.

“सरका रे. बोकड मना पायजे.”

आणि तो बरोब्बर तिच्या डाव्या बाजूला, वाट अडवून उभा राहिला.

कल्पिताच्या लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला. “मामा, बाजूला हो.”

“नाय होत.”

पोरीचा गुडघा गेला तर बहीण आयुष्यभर तोंड बघणार नाही, आणि बरोबरच करेल. तरी तो हलला नाही. कल्पितानं एकदा डाव्या पायाकडे बघितलं. मग त्याच्या कमरेकडे. मग ती धावली.

धूळ उडाली. डावा पाय जमिनीत रुतल्यासारखा थांबला, आणि पोरगी त्याच पायावर उजवीकडे अशी फिरली की धाकू जिथं ती होती तिथंच बघत राहिला, आणि बुडावर आपटला.

त्याच्या मागे कल्पिता उभी होती. डावा पाय जमिनीवर दाबत, परत दाबत.

“आवाज आला?” त्यानं बसूनच विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. मग हसायलाच लागली. “नाही आला, मामा!”

तेवढ्यात घोडबंदरला अडकलेली टीम गेटातून आत आली. कॉमेंटेटर पिचवर मातीत बसलेला बघून त्यांचा कॅप्टन म्हणाला, “धाकूशेठ, काय झालं? आणि ही कोण?”

“माझी भाची. प्रोफेशनल फुटबॉलर. अकरा जणांना आणि मला, सगल्यांना झोपवलं हिनं.”

“हां, हां,” कॅप्टन डोळा मारत म्हणाला. “आणि तो बोकड तुमचा सिलेक्टर!”

सगळी टीम खदाखदा हसली. जन्मात पहिल्यांदा धाकू खरं बोललेला, आणि ते खरं मानणारं कुणी नाही. त्याला मात्र भारी मजा आली.

कल्पितानं बॉल पायाखाली घेतला. “पायातून काढा,” ती त्यांना म्हणाली, “बोकड घेऊन जा.”

कॅप्टन बाह्या सरसावत पुढं आला. डावीकडे पूर्ण मोकळी वाट होती. ती उजवीकडे वळली.