बोलणाऱ्याच्या गळ्यातला माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. पण सभागृहात उंच दांडीवर मिरवणाऱ्या माझ्या थोरल्या भावांसारखा नाही. मी काडेपेटीएवढा. शिकवणाऱ्याच्या गळ्यात लटकायचे आणि त्याचा आवाज एकाच विद्यार्थ्याच्या श्रवणयंत्रात पोचवायचा, एवढेच माझे काम. बाकीच्या वर्गाला माझा पत्ताही नसतो.

कारखान्यातल्या सफाईदार बोटांनी माझ्या केसाएवढ्या तारा जुळवल्या आणि मी एका कॉलेजच्या करिअर मार्गदर्शन केंद्रात आलो. केंद्र म्हणजे जिन्याखालची एक खोली आणि तिथल्या बाई. कॉमर्सच्या एका मुलीसाठी त्यांनी मला मागवले होते. लहानपणी तापात तिचे ऐकणे बरेचसे गेले होते. ती ओठ वाचून शिकायची. पण सर फळ्याकडे वळले की तिच्यापुरता तास संपायचा.

सरांचा आवाज खणखणीत. मला कशाला माईक, माझा आवाज गेटपर्यंत जातो, असे ते म्हणाले.

"गेटपर्यंत जातो, सर," बाई शांतपणे म्हणाल्या, "पण तिच्यापर्यंत पोचत नाही."

सरांनी मला गळ्यात घातले. सुरुवातीला ते मला विसरायचे. एकदा तास संपल्यावर तसेच शिक्षकांच्या खोलीत गेले आणि प्राचार्यांविषयी मन मोकळे केले. ते सगळे मुलीला व्हरांड्यात ऐकू आले. बिचारी धावत दारापाशी आली आणि स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवू लागली. सरांचा चेहरा पडला. त्यानंतर मला बंद करायला ते कधी विसरले नाहीत, आणि तासाच्या आधी चालू करायलाही नाही.

शेवटच्या वर्षी एक कंपनी मुले निवडायला आली. पहिली फेरी गटचर्चेची होती. मला टेबलाच्या मधोमध ठेवले आणि सगळे एकदम बोलू लागले. मित्रांनो, आवाज निवडणे मला जमत नाही. सगळा कालवा मी तिच्या कानात ओतत राहिलो. ती एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे बघत राहिली आणि चर्चा संपली तेव्हा तिच्या तोंडून एक शब्दही निघाला नव्हता. मुलगी हुशार दिसते पण बुजरी आहे, असे सांगून त्यांनी तिला वगळले.

खोलीत येऊन तिने मला टेबलावर ठेवले. नोकरीचा नाद सोडते, आईच्या दुकानात बसते, म्हणाली. बाईंनी तिची समजूत घातली नाही. त्यांनी मला गळ्यात घातले आणि विचारले, "तू बुजरी आहेस का?"

"नाही."

"मग हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं तर नोकरी मला देतील."

मुलगी रडता रडता हसली. मग कॉलेज सुटल्यावर बाई तिच्या वर्गातल्या मुलांना बोलावून चर्चेचा सराव घेऊ लागल्या. काही जण कुरकुरत यायचे, पण यायचे.

पुढची कंपनी आली तेव्हा मी तिच्या मुठीत होतो. चर्चा सुरू होण्याआधी ती उभी राहिली.

"मला कमी ऐकू येतं. जो बोलेल त्याने हा माईक हातात धरायचा आणि बोलून झालं की पुढे द्यायचा. मलाही बोलायचंय."

खोलीत चुळबुळ झाली. पहिल्याने मला विंचू धरावा तसा धरला. पण हळूहळू गलका थांबला. एरवी ज्यांना कुणी बोलू देत नसे, त्यांच्याही हातात मी आलो. ती बोलली, नीट बोलली, आणि निवडली गेली.

जाताना तिने मला बाईंच्या हाती दिले आणि ज्याला लागेल त्याला द्या म्हणाली. पण बाई लवकरच निवृत्त झाल्या आणि आवराआवरीत मी ऑफिसच्या खणात गेलो.

तिथे कितीतरी दिवस अंधार होता. एकदा काउंटरपाशी एका मुलाचा आवाज आला. त्याला कॉलेज सोडल्याचा दाखला हवा होता. का सोडतोस, असे क्लार्कने विचारले. मुलाला कळले नाही. क्लार्कने मोठ्याने पुन्हा विचारले.

"वर्गात ऐकू येत नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना वाटतं, माझं लक्ष नसतं."

शिक्का काढण्यासाठी क्लार्कने माझाच खण उघडला. माझ्यावर उजेड पडला. तो मुलगा हातभर अंतरावर होता. मित्रांनो, मला स्वतःचा आवाज नाही. दुसरा बोलेल तेच मी पोचवतो. शिक्का उमटला. खण बंद झाला.

क्लार्क मनाने वाईट नव्हता. चहा पिताना त्याने हळहळत ही गोष्ट केंद्राच्या नव्या मॅडमना सांगितली. त्यांनी खण उपसून मला शोधले आणि मग त्या मुलाला शोधले. तो एका गोदामात कामाला लागला होता. आता नाही जमणार, एवढेच तो म्हणाला.

आता मी केंद्राच्या दारामागे खुंटीला असतो. मॅडम नव्या वर्गात जाऊन, तुम्हाला शिकायला काय लागेल, असे प्रत्येकाला स्वतः विचारतात.

मित्रांनो, मला पुसा, माझी बॅटरी बदला, मला जपा. पण कुलपात जपू नका. आणि शेजारच्या बाकावर कुणी गप्प बसला असेल, तर त्याचे लक्ष नाही असे म्हणण्याआधी त्याच्याकडे तोंड करून एकदा विचारा. त्या मुलाला वर्गात कुणी विचारले नाही. मी तर त्याच्या इतक्या जवळ होतो.