नाकशेठचं नाक

बाजारात त्याला सगळे नाकशेठ म्हणायचे. धंदा जुन्या मायनिंग मशिनांचा. बुटांच्या खोक्याएवढ्या त्या पेट्या. रात्रंदिवस पंखे घरघरवत गणितं सोडवतात आणि मालकाला बिटकॉइनसारखे डिजिटल कॉइन मिळवून देतात. अशा शेकडो पेट्या एका छपराखाली चालवणाऱ्या मोठ्या शेडवाल्यांना त्या परवडेनाशा झाल्या की ते विकायला काढतात. नाकशेठ त्या उचलायचा आणि छोट्या गिऱ्हाइकांना द्यायचा.

बाकीचे व्यापारी लॅपटॉप जोडून तासन्‌तास तपासत बसायचे. हा बाबा मशीन दहा मिनिटं चालवायचा, बंद करायचा आणि पंख्याच्या जाळीला नाक लावून एक लांब श्वास घ्यायचा. आतला बोर्ड एकदा जळून थुकपट्टी केलेला असेल, तर वास लपत नाही. "चालेल" किंवा "नको", संपला विषय. आठ वर्षांत त्याचा शब्द एकदाही खोटा पडला नव्हता.

आता खरी गोम ऐका. तीन महिन्यांपूर्वी त्याला सणसणीत सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वासही घेऊन गेली. साबण नाही, पेट्रोल नाही, काही म्हणजे काही कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तोवर गुपचूप लॅपटॉप लावायला काय हरकत होती? पण मग लोक विचारणार, "शेठ, आज हे काय नवीन?" नाकशेठचं नाक गेलं हे बाजाराला कळलं की धंदा बसलाच. म्हणून गडी जाळीला नाक लावत राहिला आणि अंदाजपंचे "चालेल" म्हणत राहिला. आत कुठेतरी भीती वाटायची. जळका बोर्ड पुन्हा पेटला तर एखाद्याचं घरच जायचं.

त्या दिवशी सकाळी तो निघाला, तर बायको चप्पल घालून दारात उभी.

"मी पण येते शेडवर."

"तू? तिथे काय प्रदर्शन भरलंय?"

"घरात बसून कंटाळा आलाय," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसलीसुद्धा.

शेडमालकाने दहा मशिनं टेबलावर मांडून ठेवली होती. नाकशेठ एकेकाला नाक लावत पुढे सरकला. चालेल. चालेल. त्याच्या मागून बायकोही प्रत्येक जाळीवर वाकत होती. त्याला वाटलं, बघतेय बिचारी कौतुकाने. सातव्यालाही तो "चालेल" म्हणाला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे नको."

नाकशेठला मिरच्या झोंबल्या. "नाक माझं आहे की तुझं?"

शेडमालक हसला. "वहिनी, शेठच्या नाकापुढे तुमचं-आमचं काय चालतंय!"

"नाहीच चालत. पण उघडा तरी," ती म्हणाली, अगदी गोड आवाजात.

चार स्क्रू निघाले, झाकण सरकलं. आतल्या बोर्डाचा कोपरा काळाठिक्कर, आणि त्यावर नवंकोरं व्हार्निश चकाकत होतं. "अरेच्चा, हे कसं काय राहिलं," शेडमालक पुटपुटला. मग उरलेली तीन मशिनंही तिनेच हुंगली. नऊ गाडीत चढली, सातवं तिथेच राहिलं.

गाडीत बसल्यावर किल्ली फिरवण्याआधीच त्याने विचारलं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दूध करपलं तेव्हापासून. घरभर वास, शेजारीण धावत आली, आणि तुम्ही पलीकडे आरामात पेपर वाचत होतात. वर तेच दूध पेलाभर प्यायलात आणि म्हणालात, छान तापवलंस."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. तीन महिने बघितली."

त्याला लाज वाटली. बाजाराला फसवलं त्याचं एक, पण हिला कशाला? आणि मग त्याला आठवलं: गेल्या महिन्यात लॉन्ड्रीवाल्या ताईंना चार मशिनं दिली होती. त्याने गाडी तिकडे वळवली.

ताईंनी ती चारही मागच्या खोलीत लावली होती. पंख्यांच्या गरम हवेवर लॉजच्या चादरी वाळायच्या, कॉइन मिळायचे ते वेगळेच. नाकशेठ आला की ताई नेहमी एक घडी त्याच्या हातात द्यायच्या, "घ्या शेठ, वास घ्या!" आणि तो म्हणायचा, "वा!" गेल्या महिन्यातही म्हणाला होता.

आजही त्यांनी घडी पुढे केली, पण चेहरा उतरलेला होता.

"ताई, मला वास येत नाही," तो म्हणाला. "तीन महिने झाले. तुमची मशिनं मी न तपासताच दिली." आणि घडी त्याने बायकोकडे दिली. "तू सांग."

तिने डोळे मिटून हुंगलं. "साबणाचा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि थोडासा जळका."

ताई मटकन स्टुलावर बसल्या. "म्हणजे माझं नाक बरोबर होतं! लॉजवाला पंधरा दिवस ओरडत होता, चादरींना जळका वास मारतोय. मलाही यायचा हो. पण मी म्हटलं, मशीन नाकशेठनी हुंगून दिलंय, मलाच भास होत असतील. तोंडावर खोटं पाडलं मी त्याला. परवा त्याने काम काढून घेतलं."

नाकशेठ तडक मागच्या खोलीत गेला. त्याने चारही मशिनं बंद केली. बायको एकेकाजवळ वाकली आणि तिसऱ्यावर हात ठेवला. त्याने वायर काढून ते गरमच उचललं.

"लॉजचा पत्ता द्या. मीच जाऊन सांगतो, ताईंची चूक नव्हती म्हणून."

"अहो शेठ, बाजारभर होईल. नाक कापलं जाईल तुमचं."

"जाऊ दे ताई. नाहीतरी चालत कुठे होतं!"

बायकोला हसू फुटलं. तिने पदराने डोळे पुसले, ती चादरीची घडी काखेत मारली आणि म्हणाली, "चला. हुंगायला लॉजवाल्यालाही काहीतरी लागेल ना."