न उघडणाऱ्या दाराचा खेळ

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे. मैदानातला नव्हे, पडद्यावरचा. मला एका चकतीवर उतरवले, डबीत घातले आणि विकायला काढले. त्यातही मी दुसरा भाग. तुमच्यातल्या धाकट्यांना माझे दुःख चटकन कळेल. थोरल्याने नाव काढलेले असले, की धाकट्याने काहीही केले तरी लोक आधी थोरल्याकडे बघतात आणि मग मान हलवतात. माझ्या बाबतीत त्यांनी मान हलवली, ती मात्र उगाच नव्हे.

आमचा जन्म दूर दक्षिणेकडच्या होबार्ट बंदरात, धक्क्याजवळ, दोरखंड आणि नांगर विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर झाला. तिथे 'केल्प शेड' नावाची चारदोन मंडळी खेळ तयार करायची. मेरिन पास्को ही त्यांची म्होरकी. माझ्या थोरल्या भावाचे नाव 'स्लॅक वॉटर', म्हणजे भरती आणि ओहोटी यांच्या मधले थांबलेले पाणी. त्यात तुम्ही क्रेफिश, म्हणजे शेवंडं, धरणाऱ्या एका लहानशा बोटीचे कप्तान. पिंजरे टाकायचे, किटली चढवायची आणि वाट बघायची. ना मारामारी, ना शर्यत. तरी लोकांनी त्याला डोक्यावर घेतले, आणि त्याला कारण होते 'स्केड'.

स्केड म्हणजे बोटींची संध्याकाळची हजेरी. किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रातून आधी हवामान सांगतात आणि मग एकेका बोटीला नावाने पुकारतात. बोटीने उत्तर दिले की पुढचे नाव. उत्तर आले नाही, तर समुद्रावरचा प्रत्येक माणूस हातातले काम सोडून कान देतो. थोरल्यातले स्केड अगदी अस्सल होते, कारण मेरिनने त्यासाठी कुणी नटी आणली नव्हती. किंग आयलंड नावाच्या बेटावर जन्मभर स्केड घेतलेल्या एल्सी टॉबिनला तिने गाठले. एल्सीआजीचा आवाज जरा खरखरीत होता, पण तो ऐकताना वाटायचे, आपण घरी पोहोचेपर्यंत कुणीतरी जागे आहे.

पुढे एका परदेशी कंपनीने केल्प शेड विकत घेतले. पहिल्या दिवशी केक कापला. दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब माझी आखणी बघून म्हणाले, "नुसतं बसून राहायचं म्हणजे काय? माणसं कंटाळतात. कुठे जायचं ते दाखवायला बाण घाला. तारे द्या, बक्षिसं द्या. आणि त्या बाईंची बडबड तोडायला एक बटण ठेवा."

"ती बडबड नाही," मेरिन म्हणाली. "तोच खेळ आहे."

"मग कुणी बटण दाबणारच नाही. तू कशाला घाबरतेस?"

झाले. माझ्या डोक्यावर बाण नाचू लागला, अंगावर तारे आले. समुद्र कुठे दिसेनासा झाला. मी आहे तसा उभा राहिलो. नको म्हणायला तोंड कुणी दिले होते? एक गोष्ट मात्र चांगली झाली. शेवटच्या दीपगृहातले शेवटचे स्केड बोलायला एल्सीआजी होबार्टला आली, तेव्हा ती मेरिनला हळूच म्हणाली, "माझं एक वाक्य घालशील का गं? आमच्या म्हाताऱ्यासाठी आहे. त्याला आधी सांगू नकोस."

मेरिनने घातले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आजीच्या घशाचे दुखणे निघाले. शस्त्रक्रियेत जीव वाचला, आवाज गेला. तिचे ते वाक्य माझ्या पोटात राहिले.

नाताळच्या आधी मला दुकानात लावायचेच, असा वरून हुकूम होता. तपासणाऱ्या मंडळींना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, म्हणून त्यांनी प्रत्येक स्केड बटण दाबून तोडले आणि सुसाट पुढे गेले. दीपगृहाचे शेवटचे दार त्यांच्यासाठी उघडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मित्रांनो, माझ्या आत एक खोट राहून गेली होती. एक जरी स्केड पूर्ण ऐकले, तरी माझी मोजणी चुकायची आणि दीपगृहाचे दार अडकायचे. थोरल्यावर जीव असलेल्यांनी सगळी स्केड मन लावून ऐकली आणि ते बाहेरच उभे राहिले. ज्यांना एल्सीआजीचे नावही ठाऊक नव्हते, ते आरामात आत गेले. लोकांनी मला शिव्या घातल्या. मेरिनने दुरुस्ती तयार केली, पण ती पाठवण्याआधीच कंपनीने केल्प शेडला कुलूप लावले.

माझी ही चकती मेरिनने आधीच किंग आयलंडला पाठवली होती. तेव्हापासून मी टॉबिन यांच्या घरात आहे. क्लॅरीआजोबा म्हणजे आजीचे यजमान. सारे आयुष्य त्यांनी 'ऑलिव्ह मे' नावाच्या बोटीवर क्रेफिश धरले. त्यांचे अंगठे इतके जाड, की एका दाबात दोन बटणे दाबली जायची.

"हा बाण काय सारखा नाचतोय?" ते पहिल्याच दिवशी करवादले. "मला माझी बोट हाकता येत नाही होय?"

आजीने मांडीवरच्या पांढऱ्या पाटीवर लिहिले, 'गप खेळ.'

रोज संध्याकाळी चहा आणि स्कॅलप नावाच्या शिंपल्यांचे सारण भरलेली भाजकी 'पाय' घेऊन दोघे बसायची. स्केड सुरू झाले की आजोबा कप खाली ठेवून ऐकायचे, आणि आजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. मला सगळे कळत होते आणि माझा जीव कासावीस होत होता. अखेर ते दीपगृहाशी पोहोचले. दार उघडले नाही. त्यांनी बोट मागे नेली, पुन्हा आणली, दिवसभर खटपट केली. ज्याच्यासाठी ते वाक्य होते तोच बाहेर उभा होता आणि मी त्याच्या तोंडावर दार लावून बसलो होतो.

त्यांनी मेरिनला फोन लावला. तिने सगळे खरे सांगितले.

"मग तो आवाज तरी पाठव, पोरी."

"कसा पाठवू, क्लॅरीकाका? सगळं कंपनीकडे राहिलं. माझी खुर्चीसुद्धा मला मिळाली नाही. मागून बघितलं, कुणी उत्तर देत नाही. एकच वाट आहे. पहिल्यापासून सुरू करा आणि एल्सीकाकूंचं बोलणं दर वेळी तोडा. एकदाही पूर्ण ऐकू नका."

त्यांनी पहिल्यापासून सुरू केले. आजीचा आवाज आला. आजोबांचा अंगठा बटणावर गेला आणि तिथेच राहिला. हवामान संपले, बोटींची नावे संपली. अंगठा हलला नाही. आजीने पाटी त्यांच्या नाकासमोर धरली, 'दाब.'

"समुद्रावर कधी तुझं बोलणं तोडलं नाही," ते म्हणाले. "घरात तोडलं असेल, ते सोड. तूच लिही ना, काय आहे त्यात?"

आजीने बराच वेळ लिहिले. 'लिहून सांगायचं असतं तर कधीच लिहिलं असतं. ते ऐकायचं आहे.'

त्यानंतर मला वाटले, माझी रवानगी आता माळ्यावर. पण एका सकाळी आजोबा बंदरावर गेले आणि आजीने मला सुरू केले. तिच्याच आवाजाने पडद्यावरून 'शुभ संध्याकाळ' म्हटले आणि तिने बटण दाबले. दुसरे स्केड आले, तेही तोडले. आता कधीच न येणारा स्वतःचा आवाज ती रोज सकाळी ओठ घट्ट मिटून तोडत होती, आणि तोडणारा मी होतो. मित्रांनो, त्या दिवसांत मला खरोखर रडता आले असते तर बरे झाले असते.

एके दिवशी दार उघडले. आजी तिथेच थांबली. आजोबा ओल्या बुटांनी आत आले, तशी तिने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.

"इथपर्यंत कशी आलीस?" त्यांनी विचारले. मग त्यांच्या लक्षात आले. "सगळी तोडलीस?"

आजीने मानेनेच हो म्हटले. आजोबा दीपगृहाचा जिना चढून वर गेले, आणि आजीचा आवाज खोलीभर झाला.

"ऑलिव्ह मे, ऑलिव्ह मे. क्लॅरी, सगळा ताफा ऐकत असायचा, म्हणून कधी बोलले नाही. रोज तुझं उत्तर आलं, की माझा जीव भांड्यात पडायचा. एवढंच सांगायचं होतं."

नेमके तेव्हाच मी पडद्याच्या मधोमध पाच तारे उडवले आणि 'पुढे जाण्यासाठी बटण दाबा' असे लिहिले. मला तसेच करायला लावले आहे. इतकी लाज मला शिव्या खातानाही वाटली नव्हती.

आजोबांनी बटण दाबले नाही. ते नुसते आजीचा हात धरून बसले. संध्याकाळी त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला घेतले. मी बजावले, की आधीचे सगळे पुसले जाईल. त्यांनी 'होय' केले. आजीने पाटीनेच त्यांच्या खांद्यावर एक ठेवून दिली.

"एकदा ऐकलं, पुरे," ते म्हणाले. "आता तुला तोडायचं नाही."

तेव्हापासून ते प्रत्येक स्केड पूर्ण ऐकतात, दाराशी पोहोचतात आणि परत फिरतात. माझ्या चकतीवर चरे पडू लागले आहेत. मला दुरुस्त करणारे आता कुणी राहिलेले नाही, आणि मला स्वतःला काही करता येत नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी खेळ तयार केलाच, तर दुकानात पाठवण्याआधी एकदा तरी तो शांतपणे बसून, काही न तोडता, शेवटपर्यंत खेळा. ज्याने मनापासून ऐकले त्यालाच बाहेर ठेवणारा माझ्यासारखा खेळ पुन्हा कुणी करू नका.