बॅड म्हणजे बॅड

"मिसेस प्रॉसर, त्या फोनचं रेकॉर्डिंग लावतेय. तुम्हाला बाहेर बसायचंय का?" मृत्यूची चौकशी चालवणाऱ्या कॉरोनरबाईंनी विचारलं.

"नको," एलुनेड म्हणाली.

"बस की बाहेर. उगाच जिवाला घोर," शेजारी बसलेली तिची बहीण ओल्वेन पुटपुटली. पण एलुनेड जागची हलली नाही. चौदा महिने एकच प्रश्न तिला पोखरत होता. आपल्या तोंडच्या एका शब्दापायी आपला नवरा गेला का? त्याचा सोक्षमोक्ष लागल्याशिवाय ती उठणार नव्हती.

घडलं ते एवढंच. इडवलला मधुमेह. त्या दुपारी त्याची साखर उतरली. साखर उतरली की तो भानावर नसायचा. घामाने निथळायचा, हाताला येईल ते फेकायचा, बायकोलाही ओळखायचा नाही. एरवी गोड चहावर भागायचं, पण त्या दिवशी त्याने चहाही भिंतीवर मारला. एलुनेडने मदतीसाठी फोन लावला. पोलीस, अग्निशमन की रुग्णवाहिका, असं पलीकडून विचारलं, तर ही घाबरीघुबरी होऊन म्हणाली, "कुणालाही पाठवा!" मागे बशा फुटत होत्या. फोन पोलिसांकडे जोडला गेला. दोन शिपाई आले, त्यांनी हातपाय झाडणाऱ्या इडवलला स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथा दाबून धरला आणि तिथेच त्याचं हृदय थांबलं. आयुष्यात कुणाला चापट न मारलेला माणूस असा गेला.

वेल्सच्या या खोऱ्यात आजारी माणसाला आजारी म्हणत नाहीत, बॅड म्हणतात. पोट बॅड, म्हातारी बॅड, सोमवारपासून अंथरुणात बॅड. पोलिसांकडे फोन घेणारी टॅबिथा मात्र इंग्लंडहून तीन आठवड्यांपूर्वीच इथे नोकरीला आली होती.

"बॅड म्हणजे तुम्हाला काय म्हणायचं होतं?" कॉरोनरबाईंनी विचारलं.

"काय म्हणायचं असणार? बॅड म्हणजे बॅड!"

मागच्या बाकांवर गावकऱ्यांना हसू फुटलं आणि लगेच ते ओशाळले. कॉरोनरबाईही याच खोऱ्यातल्या. "मला कळतंय हो," त्या हळूच म्हणाल्या, "पण नोंदीत यायला हवं."

"आजारी. बरं नाही. झालं?"

रेकॉर्डिंग सुरू झालं. एलुनेडला स्वतःचा आवाज परक्या बाईचा वाटला.

"आमचा इडवल बॅड आहे, फार बॅड!"

"त्यांनी तुम्हाला काही केलंय का, मॅडम?"

"मला ओळखतसुद्धा नाहीये गं तो!"

"असं याआधी झालंय?"

"वर्षातून दोन-तीनदा होतंच की, बाळ."

ओल्वेनने कपाळावर हात मारला. "अगं एलू, तू तर त्याला बायको बडवणाराच करून टाकलंस!"

एलुनेडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बशांच्या खळखळाटातून एक जड, अडखळता आवाज आला.

"एलू... मी बॅड आहे. सांग त्यांना... मी बॅड आहे."

हे तिला आठवतच नव्हतं. फोनवर ती इतकी ओरडत होती की मागचं काही तिच्या कानावर आलंच नव्हतं.

साक्षीला उभी टॅबिथा रडवेली झाली होती. "ते मी ऐकलं," ती म्हणाली. "मला वाटलं... मला वाटलं, ते कबुली देताहेत."

कॉरोनरबाई एलुनेडकडे वळल्या. "तुम्हाला यांना काही विचारायचंय?"

या पोरीला फाडून खायचं असं एलुनेडने कितीदा तरी ठरवलं होतं. आता पोरीचा चेहरा पाहून तिला ते जमेना.

"विचारायचं नाही, सांगायचंय," ती म्हणाली. "हा माणूस बरगडी मोडली तरी खाणीतली पाळी पुरी करून घरी यायचा. साखर उतरली, तरी म्हणायचा, मला काय धाड भरलीय? चव्वेचाळीस वर्षांत मला बरं वाटत नाही असं त्याने एकदाही म्हटलं नाही." ती टॅबिथाकडे वळली. "त्या दिवशी म्हणाला, बाळ. पहिल्यांदाच मदत मागितली त्यानं. आणि मला ऐकूच आलं नाही गं. तुला आलं."